शितावरून भात आणि ताऱ्यांवरून आकाशगंगा

शितावरून भाताची परीक्षा करावी, ही म्हण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. म्हण खरी आहे. परंतु ती खरी ठरण्यास एक अट लागते आणि ती अट म्हणींत सांगितलेली नाहीं. चुलीवरचा भात सर्व बाजूंनीं सारखा शिजत असेल, तरच एक शीत साऱ्या पातेल्याची साक्ष देऊं शकतें. तळचा भात करपला आणि वरचा कच्चा राहिला, तर वरचें शीत चेपून पाहणारी गृहिणी एक निकाल देईल आणि तळचें शीत पाहणारी अगदीं उलट देईल. दोघींचीही बोटें खरें तेंच सांगत असतात. चूक बोटांत नसते. शीत कोठून उचललें याचा विसर पडण्यांत असते.

ज्योतिःशास्त्राच्या अर्वाचीन इतिहासांत हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर घडला. आपली आकाशगंगा कशी जन्मास आली, हा प्रश्न ताऱ्यांच्या रासायनिक घटनेवरून सोडविण्याचा जो उद्योग शास्त्रज्ञांनीं केला, त्याची हकीकत म्हणजे बव्हंशीं शितें कोठून उचलावीं हें शिकण्याची हकीकत होय.

ताऱ्यांत कोणतीं द्रव्यें आहेत हें कळणें एके काळीं अशक्यच मानलें जात असे. फ्रेंच तत्त्वज्ञ ऑगस्त कोंत यानें १८३५ सालीं असें प्रतिपादन केलें होतें कीं, ताऱ्यांचीं अंतरें व गति मोजतां आल्या तरी त्यांची रासायनिक घटना मनुष्यास कधींही कळणार नाहीं. त्यानंतर पंचवीस वर्षें लोटतात न लोटतात तोंच हायडेलबर्ग येथें किर्खोफ व बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनीं हें विधान खोटें पाडलें. प्रत्येक मूलद्रव्य तापविलें असतां आपल्या ठराविक रंगरेषा दाखवितें, आणि सूर्यप्रकाशाच्या वर्णपटांत ज्या काळ्या रेषा दिसतात त्या याच मूलद्रव्यांच्या खुणा होत, असें त्यांनीं १८५९-६० मध्यें दाखवून दिलें. लवकरच विल्यम हगिन्स व विल्यम मिलर या इंग्रज निरीक्षकांनीं हीच पद्धति ताऱ्यांना लावली आणि १८६४ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सूर्यांतील लोह, सोडियम व कॅल्शियम हीं द्रव्यें ताऱ्यांतही आहेत, असें ठरलें.

मात्र द्रव्य आहे एवढें कळणें निराळें आणि तें किती आहे हें कळणें निराळें. वर्णपटांत एखाद्या द्रव्याची रेषा ठळक दिसली म्हणून तें द्रव्य विपुल आहे असें म्हणतां येत नाहीं; कारण ताऱ्याच्या उष्णमानाप्रमाणें रेषा ठळक किंवा फिकी होते. या गुंत्याची किल्ली कलकत्ता विद्यापीठांतील तरुण पदार्थवैज्ञानिक मेघनाद साहा यांनीं १९२० सालीं शोधून काढली. अमुक उष्णमानास व अमुक दाबाखालीं एखाद्या वायूचे किती अणु आपले विद्युत्कण गमावून बसतील, हें सांगणारें त्यांचें समीकरण हातीं येतांच वर्णपटांतून उष्णमानाचा परिणाम वगळून द्रव्याचें प्रमाण काढणें शक्य झालें. हार्वर्ड येथें सेसिलिया पेन या पंचवीस वर्षांच्या विदुषीनें १९२५ सालच्या आपल्या प्रबंधांत तें काढलें आणि तारे मुख्यतः हायड्रोजन व हेलियम यांचे बनलेले आहेत असा निष्कर्ष तिच्या हातीं आला. हेन्री नॉरिस रसेल या ज्येष्ठ शास्त्रज्ञांस तो अशक्य वाटला, म्हणून तिनें स्वतःच्याच आंकड्यांना बहुधा अवास्तव ठरविलें. चार वर्षांनीं, १९२९ सालीं, खुद्द रसेल यांनाच वेगळ्या मार्गानें तोच निष्कर्ष मान्य करावा लागला.

हायड्रोजन व हेलियम हीं दोन सोडून बाकीच्या सर्व मूलद्रव्यांना ज्योतिषी सरसकट 'धातु' म्हणतात. रसायनशास्त्रज्ञास हें पटणार नाहीं, पण त्यांत सोय आहे. हे धातु ताऱ्यांच्याच पोटांत शिजून तयार होतात व ताऱ्यांच्या मृत्यूबरोबर अवकाशांत विखुरले जातात, हें १९५७ सालीं बर्बिज पतिपत्नी, फौलर व हॉइल यांनीं सविस्तर मांडलें. अर्थात् जो तारा आकाशगंगेच्या बाल्यांत जन्मला त्यांत धातु अत्यल्प असावयाचे आणि जो मागाहून जन्मला त्यांत अधिक. अशा रीतीनें धातूंचें प्रमाण ही ताऱ्याची एक प्रकारची जन्मपत्रिकाच ठरली. पुष्कळ ताऱ्यांच्या पत्रिका एकत्र मांडल्या, तर साऱ्या आकाशगंगेचा वृत्तांत वाचतां येईल, अशी उमेद उत्पन्न झाली.

परंतु कोणत्या ताऱ्यांच्या पत्रिका मांडावयाच्या? आकाशगंगेंत दहा हजार कोटींहून अधिक तारे आहेत. त्यांतील कोणते निरीक्षकाच्या यादींत येतात, हें त्याच्या इच्छेपेक्षां ताऱ्याच्या तेजावर अधिक अवलंबून असतें. अंधाऱ्या मैदानांत हजारों पणत्या व मोजक्या गॅसबत्त्या विखुरल्या आहेत अशी कल्पना करावी. मैदानाच्या मध्यभागीं उभ्या असलेल्या माणसास गॅसबत्त्या दूरदूरच्याही दिसतील, पणत्या मात्र जवळच्याच दिसतील. आणि जें दिसलें तेवढेंच मोजून तो निकाल देईल कीं, या मैदानांत पणत्या थोड्या व बत्त्याच फार. आकाशाची स्थिति अशीच आहे. सूर्याच्या शेजारच्या ताऱ्यांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश तारे मंद, तांबडे व खुजे आहेत. परंतु त्यांतील एकही साध्या डोळ्यांना सहज दिसत नाहीं. उलट रात्रीं नजरेस पडणारे बहुतेक सारे तारे सूर्याहून अधिक तेजस्वी आहेत. एखादा तारा दुसऱ्याच्या शंभरपट तेजस्वी असेल तर तो दसपट अंतरावरून दिसतो, आणि दसपट अंतर म्हणजे अवकाशाचा हजारपट विस्तार. म्हणजेच तेजाची मर्यादा घालून केलेल्या यादींत तेजस्वी ताऱ्याला मंद ताऱ्याच्या हजारपट संधि मिळते. स्वीडिश ज्योतिषी गुन्नार माल्मक्विस्ट यांनीं १९२२ सालीं हा परिणाम गणितानें मांडला व तो आजही त्यांच्याच नांवानें ओळखला जातो.

रासायनिक मोजणीशीं याचा निकट संबंध आहे. एकाच रंगाचे दोन सूर्यासारखे तारे घेतले, तर त्यांपैकीं धातूंनीं दरिद्री असलेला तारा अधिक मंद असतो. तेव्हां तेजाच्या मर्यादेनें केलेली यादी अशा ताऱ्यांना आपोआप मागें टाकते. यादी करणारास धातूंचा विचार शिवलाही नसला, तरी यादींत धातूंचा पक्षपात शिरतो.

या संकटाची जाणीव फार पूर्वीं ज्यांना झाली त्यांत हॉलंडमधील ग्रोनिंगेनचे याकोबस काप्टाइन यांची गणना करावी लागते. सारें आकाश मोजणें अशक्य आहे हें ओळखून त्यांनीं १९०६ सालीं अशी योजना मांडली कीं, आकाशाचे २०६ लहान लहान तुकडे अगोदरच ठरवून घ्यावेत आणि जगांतील वेधशाळांनीं वांटून घेऊन त्या तुकड्यांतील तारे मोजावेत. कोठें पाहावयाचें हें पाहण्यापूर्वींच ठरवावें, हें या योजनेंतील तत्त्व होतें. पुढील अर्धशतकांत ज्योतिषाची प्रगति झपाट्यानें झाली. परंतु या तत्त्वाकडे मात्र वारंवार दुर्लक्ष झालें.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत लॉस एंजेलिस शहरावर रात्रीं दिवे मालविण्याचा हुकूम होता. त्या दाट काळोखाचा लाभ घेऊन वाल्टर बाडे यांनीं माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणींतून देवयानी दीर्घिकेच्या गाभ्यांतील तारे सुटे करून दाखविले, आणि १९४४ सालीं तारे दोन गणांचे असतात असें जाहीर केलें. एक गण निळसर तेजस्वी ताऱ्यांचा, चकतींतील सर्पिल भुजांत राहणारा. दुसरा तांबूस व वृद्ध ताऱ्यांचा, गाभ्यांत व गोलाकार तारकागुच्छांत राहणारा. नॅन्सी ग्रेस रोमन यांना १९५० सालीं आढळून आलें कीं, सूर्याजवळच्या ज्या ताऱ्यांच्या वर्णपटांत धातूंच्या रेषा फिक्या आहेत ते तारे वेगानें धांवणारेही असतात. पुढच्याच वर्षीं जोसेफ चेंबरलेन व लॉरेन्स ऑलर यांनीं अशा दोन धांवत्या ताऱ्यांचें पृथक्करण केलें व त्यांत लोह सूर्याच्या मानानें पुष्कळच कमी असल्याचें दाखविलें. तोंपर्यंत सर्व ताऱ्यांची रासायनिक घटना सारखीच असावी असा समज होता. तो या दोन ताऱ्यांनीं मोडला.

येथून या कथेंतील मुख्य प्रसंगास आरंभ होतो. धातूंनीं दरिद्री असे तारे सूर्याच्या आसपास फारच विरळ आहेत. हजारांत चार-पांचांहून अधिक नाहींत. ते शोधावयाचे कसे? एक सोपी युक्ति उपलब्ध होती. सूर्य आणि त्याच्या शेजारचे बहुतेक तारे आकाशगंगेच्या केंद्राभोंवतीं जवळजवळ वर्तुळाकार मार्गानें एकाच दिशेस चाललेले आहेत. एकाच दिंडींत चालणाऱ्या वारकऱ्यांना एकमेकांची जागा बदललेली दिसत नाहीं, तसे हे तारे एकमेकांस जवळजवळ स्थिर दिसतात. परंतु जो तारा लांबट कक्षेंतून केंद्राकडून येतो किंवा वरून खालीं चकती छेदून जातो, तो दिंडींतून आडवा धांवणाऱ्या माणसासारखा चटकन् डोळ्यांत भरतो. कांहीं वर्षांच्या अंतरानें घेतलेलीं आकाशाचीं दोन छायाचित्रें ताडून पाहिलीं कीं, असे तारे जागेवरून सरकलेले आढळतात. तेव्हां जुने तारे हवे असतील तर सरकणारे तारे निवडावेत, ही रीत रूढ झाली.

ऑलिन एगेन, डोनाल्ड लिंडन-बेल व अॅलन सँडेज या तिघांनीं १९६२ सालीं २२१ ताऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या ताऱ्यांच्या कक्षा त्यांनीं गणितानें काढल्या, आणि त्यांचें धातुप्रमाण अतिनील प्रकाशावरून ठरविलें. वर्णपटाच्या त्या भागांत धातूंच्या रेषांची इतकी दाटी असते कीं, धातु कमी असले तर अतिनील प्रकाश अधिक निसटून येतो. दोन्ही गोष्टी एका आलेखावर मांडतांच एक आश्चर्यकारक संबंध दिसून आला. ज्या ताऱ्यांत धातु विपुल त्यांच्या कक्षा वर्तुळाकार. ज्यांत धातु अत्यल्प त्यांच्या कक्षा अतिशय लांबट. धातुहीन परंतु वर्तुळाकार कक्षेचा तारा त्या आलेखांत जवळजवळ नव्हताच.

यावरून त्यांनीं जें चित्र रेखाटलें तें भव्य होतें. आरंभीं वायूचा एक अफाट गोल होता. तो आपल्याच भारानें वेगानें कोसळूं लागला. कोसळतां कोसळतां जे तारे जन्मले त्यांना त्या कोसळण्याचीच गति मिळाली, म्हणून त्यांच्या कक्षा लांबट झाल्या आणि धातु निर्माण होण्यास अवधि न मिळाल्यामुळें ते धातुहीन राहिले. उरलेला वायु फिरत फिरत चपट्या चकतीसारखा स्थिरावला व त्यांत मागाहून धातुसंपन्न तारे वर्तुळाकार कक्षांत जन्मले. ही सारी कोसळण्याची क्रिया, सूर्यास केंद्राभोंवतीं एक प्रदक्षिणा घालण्यास जो वीस-बावीस कोटी वर्षांचा काळ लागतो त्याच्या आसपासच्या अवधींत आटोपली, असा त्यांचा अंदाज होता. एवढ्या थोड्या ताऱ्यांवरून एवढी मोठी गोष्ट सांगणारे लेख शास्त्राच्या इतिहासांत फार थोडे आहेत. पुढें दोन दशकें आकाशगंगेच्या जन्माचें हेंच वर्णन प्रमाण मानलें जात होतें.

मोजमापांत दोष नव्हता. कक्षांचें गणितही बरोबर होतें. परंतु त्या यादींतील जुने तारे मुख्यतः सरकणाऱ्या ताऱ्यांतून वेंचलेले होते. आतां समजा, एखादा तारा धातूंनीं दरिद्री आहे, पण त्याची कक्षा सूर्यासारखीच वर्तुळाकार आहे. तो दिंडीबरोबर चालत असल्यामुळें सरकलेला दिसणार नाहीं. म्हणून तो यादींत येणार नाहीं. म्हणून त्याचें धातुप्रमाण कोणी मोजणार नाहीं. मग आलेखांतील तो कोपरा रिकामा राहिला, तर तो आकाशांत रिकामा आहे कीं केवळ यादींत? धांवणाऱ्यांतूनच म्हातारे निवडले आणि मग म्हातारे धांवतात असा सिद्धांत काढला, तर त्यांत सिद्धांताचा भाग किती आणि निवडीचा किती, हें त्या यादीवरूनच सांगतां येणें शक्य नव्हतें.

याचें उत्तर देण्यास गतीशीं संबंध नसलेली यादी पाहिजे होती. दुर्बिणीच्या भिंगापुढें पातळ लोलक लावला म्हणजे छायाचित्रांत प्रत्येक ताऱ्याच्या ठिपक्याऐवजीं त्याचा छोटा वर्णपट उमटतो. विल्यम बायडेलमन व डॅरेल मॅकॉनेल यांनीं दक्षिण आकाशाच्या अशा छायाचित्रांवरून, ज्यांत धातूंच्या रेषा फिक्या दिसतात अशा ताऱ्यांची एक यादी १९७३ सालीं प्रसिद्ध केली. हे तारे सरकतात कीं नाहीं हें त्यांनीं पाहिलेंच नव्हतें. केवळ रेषा पाहिल्या होत्या. ऑस्ट्रेलियांतील जॉन नॉरिस, मायकेल बेसेल व अँड्र्यू पिकल्स यांनीं याच यादींतील ताऱ्यांचा कसोशीनें अभ्यास करून १९८५ सालीं निकाल जाहीर केला. रिकामा समजलेला कोपरा रिकामा नव्हता. धातु कमी असूनही वर्तुळाकाराच्या जवळपास कक्षा असलेले तारे तेथें होते. पुढें मासाशी चिबा व टिमथी बीअर्स यांनीं गतीचा विचार न करतां निवडलेले १२०३ तारे एकत्र करून २००० सालीं दाखविलें कीं, धातुप्रमाण व कक्षेचा लांबटपणा यांतील तो सुप्रसिद्ध संबंध अशा निवडींत टिकत नाहीं.

दुसऱ्या बाजूनेंही जुन्या चित्रास तडा गेला होता. लेनर्ड सर्ल व रॉबर्ट झिन यांनीं आकाशगंगेच्या बाह्य परिमंडलांतील गोलाकार तारकागुच्छांचा अभ्यास करून १९७८ सालीं असें मत मांडलें कीं, केंद्रापासून दूर जावें तसें धातुप्रमाण पद्धतशीरपणें घटत जात नाहीं. यावरून हा भाग एका झपाट्यांत कोसळून न बनतां, लहान लहान तुकडे एकामागून एक येऊन मिळाल्यानें बनला असावा. १९९४ सालीं रॉड्रिगो इबाटा, जेरार्ड गिल्मोर व माइक अर्विन यांना धनु राशीच्या दिशेस एक छोटी दीर्घिका आकाशगंगेंत विलीन होत असतांनाच सांपडली. तीही त्यांनीं शोधावयास घेतलेली नव्हती. आकाशगंगेच्या गाभ्यांतील ताऱ्यांचे वेग मोजतांना, भलत्याच वेगानें चाललेला ताऱ्यांचा एक जमाव त्यांच्या नजरेस पडला.

निवडीच्या दोषानें प्रत्येक निष्कर्ष ढांसळतो, असें मात्र समजूं नये. काळजीपूर्वक केलेली निवड काय साधूं शकते याचें उदाहरण त्याच काळांत घडलें आहे. सिडने व्हॅन डेन बर्ग यांनीं १९६२ सालीं आणि मार्टेन श्मिट यांनीं १९६३ सालीं एक साधा प्रश्न विचारला : सूर्यासारख्या पिवळ्या ताऱ्यांत धातुहीन तारे किती असावयास पाहिजेत आणि आहेत किती? पिवळे तारेच घेण्यांत मर्म होतें. निळे तेजस्वी तारे अल्पायुषी असतात. जुन्या पिढींतील असे तारे केव्हांच मरून गेले, म्हणून त्यांची शिरगणती म्हणजे केवळ तरुणांची शिरगणती होय. सूर्यासारखा तारा मात्र सुमारें हजार कोटी वर्षें जगतो, म्हणून जुन्यानव्या साऱ्या पिढ्या त्या वर्गांत अजून हजर असतात. गणती केली तेव्हां धातुहीन तारे अपेक्षेपेक्षां फारच थोडे निघाले. बंद भांड्यांतील वायूपासून सर्व तारे घडले असते तर असें होणें शक्य नव्हतें. बाहेरून नवा वायु सतत येऊन मिळत असला पाहिजे, हें त्याचें सर्वांत मान्य झालेलें स्पष्टीकरण आहे. ही उणीव पुढच्या अनेक फेरतपासण्यांतून टिकून राहिली.

निवडीचा हेतु आणि तिचा उपयोग यांत गल्लत झाली म्हणजे चांगली यादीही फसवूं शकते. बेंग्ट एड्वार्डसन व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं शेजारच्या १८९ ताऱ्यांचें अतिशय सूक्ष्म पृथक्करण प्रसिद्ध केलें, आणि त्या लेखाचा आधार पुढें असंख्य अभ्यासकांनीं घेतला. त्यांना सर्व धातुप्रमाणांचे तारे तुलनेसाठीं हवे होते. म्हणून प्रत्येक धातुगटांतून जवळजवळ सारखेच तारे त्यांनीं मुद्दाम घेतले. वर्गांतून हुशार, मध्यम व ढ अशीं सारखींच मुलें निवडावीत, तसाच हा प्रकार. मुलांच्या अभ्यासाची रीत समजून घेण्यास अशी निवड उत्तम. परंतु वर्गांत हुशार मुलें किती, हें तीवरून विचारणें व्यर्थ. शिवाय त्यांनीं सूर्याहून किंचित् तप्त ताऱ्यांपुरतीच निवड मर्यादित ठेवली होती. धातुसंपन्न तारा धातुहीन ताऱ्यापेक्षां थंड व तांबूस असतो, आणि वयानुसार तप्त तारे आधीं नाहींसे होतात; त्यामुळें वृद्ध असून धातुसंपन्न अशा ताऱ्यांना त्या यादीचें दार जवळजवळ बंदच होतें. ही मर्यादा त्या लेखकांनीं स्वतः नमूद केली होती. पण यादी पुढें गेली आणि तिच्याबरोबर जोडलेली सूचना पुष्कळदां मागें राहिली.

एकविसाव्या शतकांत मोजणीचें प्रमाण पालटलें. शेंकड्यांनीं मोजले जाणारे तारे लाखांनीं मोजले जाऊं लागले. परंतु मोठी यादी म्हणजे निःपक्षपाती यादी नव्हे. अमेरिकेंतील स्लोन पाहणीच्या एका शाखेनें चकतीच्या पातळीपासून दूर, वरच्या व खालच्या दिशांस पाहून हजारों पिवळे तारे जमविले. त्यांत लोहाच्या मानानें मॅग्नेशियमसारखीं द्रव्यें अधिक असलेले वृद्ध तारे आणि कमी असलेले तरुण तारे, असे दोन ठळक ढीग दिसत होते. पण चकतीपासून दूर पाहिलें कीं वृद्ध ताऱ्यांचाच भरणा अधिक व्हावयाचा. यो बोव्ही, हान्स-वाल्टर रिक्स व त्यांचे सहकारी यांनीं २०१२ सालीं, कोणत्या तऱ्हेच्या ताऱ्यास यादींत येण्याची किती संधि होती याचा हिशेब मांडून प्रत्येक ताऱ्यास त्याप्रमाणें वजन दिलें. तेव्हां जाड व पातळ अशा दोन वेगळ्या चकत्यांऐवजीं एकींतून दुसरींत हळूहळू जाणारी रचना त्यांस दिसली. याउलट रासायनिक घटनेचे दोन फांटे मात्र पुढच्या अधिक सूक्ष्म पाहण्यांतही कायम राहिले. हिशेबाचा उपयोग तो हाच : निवडीनें निर्माण केलेलें तें गळून पडतें आणि निसर्गाचें असेल तें उरतें.

यापूर्वींच्या साऱ्या याद्यांत आणखी एक मर्यादा होती. त्या बहुधा सूर्याच्या शेजारच्याच होत्या. धुळीच्या पडद्यामुळें चकतीचा दूरचा भाग साध्या प्रकाशांत दिसत नाहीं. धूळ भेदून येणारा अवरक्त प्रकाश वापरून मायकेल हेडन व त्यांचे सहकारी यांनीं २०१५ सालीं ६९,९१९ तांबड्या राक्षसी ताऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. केंद्राकडच्या भागांत धातुसंपन्न तारे पुष्कळ आणि दरिद्री ताऱ्यांची शेपटी लांब. बाहेरच्या भागांत अगदीं उलट. सूर्याजवळचें प्रमाण हें सूर्याजवळचेंच प्रमाण आहे, तें साऱ्या आकाशगंगेचें नव्हे, हें त्यामुळें आंकड्यांनीं सिद्ध झालें. पातेल्याच्या तळाचें, मधलें व वरचें शीत प्रथमच एकत्र तपासलें गेलें.

यानंतर १९६२ सालच्या त्या तिघांच्या ताऱ्यांना अनपेक्षित न्याय मिळाला. युरोपीय अवकाशसंस्थेनें २०१३ सालच्या डिसेंबरांत सोडलेल्या 'गाया' या यानानें २०२५ च्या जानेवारीपर्यंत ताऱ्यांच्या जागा व गति टिपल्या. २०१८ सालच्या एप्रिलमध्यें त्याचे जे आंकडे खुले झाले त्यांत शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांचीं अंतरें व सरकण्याचे वेग होते. तारा सरकतो म्हणून त्यास निवडण्याची आतां गरज राहिली नाहीं. सर्वांचेंच सरकणें मोजलें गेलें. त्याच वर्षीं व्हॅसिली बेलोकुरोव्ह व त्यांचे सहकारी, आणि स्वतंत्रपणें अमिना हेल्मी व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, सूर्याजवळच्या लांबट कक्षांच्या धातुहीन ताऱ्यांपैकीं फार मोठा भाग एका दुसऱ्याच दीर्घिकेचा आहे. ती सुमारें हजार कोटी वर्षांपूर्वीं आपल्या आकाशगंगेवर येऊन आदळली व तींत विरून गेली. म्हणजे एगेन, लिंडन-बेल व सँडेज यांनीं पाहिलेले ते धांवते तारे खरे होते. त्यांच्या कक्षाही खऱ्या होत्या. परंतु ते सांगत होते ती कहाणी बव्हंशीं घरच्या जन्माची नव्हती. घरीं येऊन मिसळलेल्या एका पाहुण्याची होती. घरच्या वृद्धांपैकीं जे शांतपणें दिंडींत चालत होते, त्यांना साक्षीस बोलाविलेंच नव्हतें.

अमिना हेल्मी ज्या संस्थेंत काम करतात ती ग्रोनिंगेनची असून तिला याकोबस काप्टाइन यांचेंच नांव दिलेलें आहे. पाहण्यापूर्वीं कोठें पाहावयाचें तें ठरवावें, हा काप्टाइन यांचा १९०६ सालचा आग्रह आज सर्व मोठ्या पाहण्यांचा नियम होऊन बसला आहे. कोणता तारा कोणत्या कारणानें घेतला व कोणता कोणत्या कारणानें वगळला, हें आतां ताऱ्यांच्या यादीबरोबरच लिहून प्रसिद्ध केलें जातें, आणि पुष्कळदां त्या नोंदीवर यादीइतकेच परिश्रम खर्ची पडतात.

या इतिहासांत कोणी अप्रामाणिक नव्हतें, कोणी निष्काळजीही नव्हतें. मोजणारे उत्तम होते आणि साधनें त्या त्या काळांतील श्रेष्ठ होतीं. तरीही एक चित्र वीस वर्षें जसेंच्या तसें टिकून राहिलें. कारण जे तारे यादींत नव्हते त्यांच्याविषयीं प्रश्न विचारण्यास उशीर लागला. वर्तमानपत्रांत सरासरीचे आंकडे रोज वाचणाऱ्या सुशिक्षित गृहस्थासही यांतून घेण्यासारखें आहे. आंकडा किती, हें विचारण्याआधीं तो कोणाकोणास मोजून काढला आणि कोण मोजावयाचे राहिले, हें विचारावें. भाताची परीक्षा शितावरूनच होते, दुसरा उपायही नाहीं. फक्त शीत उचलण्यापूर्वीं पातेलें तळापासून एकदां ढवळून घ्यावें लागतें.